चुकलं की पत्र येतं

माझ्या मामाने मला एकदा ऐंशी अक्षरांत बसवलं होतं. 'लवकर सुरू होते, लवकर तापते. जेवणाची आठवण करून द्यावी लागते.' मी म्हटलं, चष्म्याच्या दुकानात वीस वर्षं लोकांचे डोळे तपासते, त्याचं काही? तर म्हणाला, ते लांबच्या वर्णनात येईल. पहिल्या ओळीत घेणाऱ्याला आधी काय कळायला हवं तेवढंच. माझ्या नवऱ्याचं स्थळ आलं तेव्हा एका भेटीत मामाने ओळ तयार केली होती: 'बोलायला बरा; चालायला आई लागते.' सगळे हसले, मी रुसले, हट्टाने लग्न केलं, आणि वर्णन अक्षर न अक्षर खरं निघालं.

हा मामाचा विनोद नव्हता, उद्योग होता. लिनक्स म्हणून कॉम्प्युटर चालवणारी एक व्यवस्था असते, ती फुकट मिळते. जगभरचे हौशी लोक तिचे तुकडे बनवतात आणि काही मंडळी ते तुकडे गोळा करून, नीट बांधून, एकत्र वाटतात. त्यात हजारो प्रोग्रॅम. एकेक प्रोग्रॅम एकेका पुडक्यात बांधलेला, त्याला पॅकेज म्हणायचं. कॉम्प्युटरवर या पुडक्यांचं एक दुकान उघडतं. तिथे प्रत्येक पुडक्यावर एक नाव, एक ओळ आणि खाली एक परिच्छेद असतो. प्रोग्रॅमचं मूळ नाव बहुतेक वेळा बनवणाऱ्याच्या कुत्र्याचं नाहीतर लहर आली म्हणून ठेवलेलं, त्यावरून काडीचा बोध होत नाही. म्हणून त्याखाली एक साधं नाव द्यावं लागतं आणि हे पुडकं नक्की कशासाठी आहे ते सांगावं लागतं. 'याला काय लागतं' आणि 'याचं कोणाशी पटत नाही' असे दोन रकानेही असतात. हे सगळं मराठीत मामा लिहायचा. पगार नाही, मानधन नाही, कुठे नाव छापून येत नाही. माझी आई याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणायची, आणि मीही तेच म्हणायचे.

त्याआधी सव्वीस वर्षं मामा पंखे, मिक्सर आणि इस्त्र्या बनवणाऱ्या कारखान्यात होता. खोक्यात वस्तूवर घडी घालून ठेवलेला तो पातळ कागद असतो ना, वर 'वापरण्यापूर्वी वाचा' लिहिलेला? तो कागद मामा लिहायचा. आणि तो कागद कोण वाचतं, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. मी स्वतः मामाने लिहिलेला कागद डगमगणाऱ्या कपाटाखाली घातला आहे, त्याच्यासमोर.

मामी गेली आणि वर्षभरात कारखान्याने ते कागद बाहेरून लिहून घ्यायला सुरुवात केली. मामा घरी बसला. एक खोली, एक स्वयंपाकघर, दुसरा मजला, खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसतात. मामीच्या शिलाई मशीनचं टेबल होतं, त्यावरचं मशीन काढून त्याने जुना कॉम्प्युटर ठेवला. खालची पायाने चालवायची पट्टी तशीच राहिली. विचार करताना तो ती हलवत बसायचा, चाक रिकामं फिरायचं. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने त्यात लिनक्स टाकून दिलं होतं. दुकान उघडून मामा पाहतो तर निम्म्या पुडक्यांवर परकी भाषा आणि उरलेल्यांवर 'हे एक शक्तिशाली आणि सुलभ साधन आहे' असलं काहीतरी. मामाचं डोकं फिरलं. पंखा शक्तिशाली आहे हे सव्वीस वर्षांत त्याने एकदाही लिहिलं नव्हतं. त्याने तिथलं सगळ्या भाषांचं काम पाहणाऱ्या समन्वयक बाईंना दोन पानी तक्रार पाठवली. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: मग तुम्हीच लिहा ना.

मामाने मनावर घेतलं. ऐंशी अक्षरांच्या आत, ओळीत प्रोग्रॅमचं स्वतःचं नाव नको, कौतुक नको, आणि ज्याला या वस्तूबद्दल काहीच ठाऊक नाही अशा माणसाला ती आपल्याला हवी की नको हे ठरवता आलं पाहिजे, असे तिथले नियम. मामा म्हणायचा, हे नियम करणारा माणूस शहाणा आहे. मी म्हणायचे, त्या शहाण्याला पगार असेल.

आणखी एक नियम होता आणि मामाच्या पुढच्या अकरा वर्षांचं सगळं सुखदुःख त्या एका नियमात होतं. कोणतंही वर्णन एकट्याच्या सहीने बाहेर जात नसे. लिहिणाऱ्याने लिहायचं, मग दुसऱ्या कोणीतरी ते पाहायचं आणि शेजारी खूण करायची. ती दुसरी खूण पडली की मगच ओळ दुकानात लागायची. मराठीत काम करणारे सुरुवातीला सात जण होते, दोन वर्षांत गळत गळत दोन उरले. एक मामा. दुसऱ्याने तिथे टोपणनाव घेतलं होतं चिमटा.

चिमटा बाप्या की बाई, तरुण की म्हातारा, कुठल्या गावचा, काही ठाऊक नव्हतं. मी मामाला म्हटलं, विचार की. तो म्हणाला, तसा संबंध नाही आमचा. चिमट्याचं लिहिणं कोरडं होतं. 'पाहिलं. दुसरं वाक्य खोटं आहे. हा प्रोग्रॅम आवाज ऐकवतो, साठवत नाही.' एवढंच. पण एवढं आलं की मामा दिवसभर वेगळाच असायचा. मला फोनवर वाचून दाखवायचा, जणू काही घरचं पत्र. आवाजाचे तुकडे करणाऱ्या एका प्रोग्रॅमला साधं नाव द्यायचं होतं, त्यावर दोघांची एकोणीस पत्रं झाली. मामा म्हणाला 'आवाजाची कात्री'. चिमटा म्हणाला, कात्री म्हटलं की कागद डोळ्यांपुढे येतो. मामा म्हणाला 'आवाज कापणी'. चिमटा म्हणाला, शेत आठवतं. शेवटी 'गाण्याचे तुकडे' यावर तह झाला. त्या दिवशी मामाने मला चहा पाजून ही सगळी लढाई सांगितली आणि मी मध्येच घड्याळ पाहिलं, हेही मला आठवतं.

मी काही फार जाणारी नव्हते. आमचं चष्म्याचं दुकान बुधवारी बंद. बुधवार म्हणजे धुणं, सासूबाईंचा दवाखाना, मुलीची शाळा. मामाकडे काही बिघडलं की तो फोन करायचा आणि मी जायचे. नळ गळतोय. दिव्याचं बटण अडकतंय. गोळ्यांच्या पाकिटावरचं बारीक लिहिलेलं दिसत नाही. मी धापा टाकत पोहोचायचे, काम पाच मिनिटांचं निघायचं, मग चहा.

गेल्या वर्षी अशाच एका बुधवारी मी त्याच्या मागे उभी राहून स्क्रीन पाहत होते. मुलांना पाढे शिकवणाऱ्या एका प्रोग्रॅमचं वर्णन तो लिहीत होता. उघडून आम्ही दोघांनी तो नुकताच पाहिला होता, त्यात पाढे वीसपर्यंत होते. मामाने लिहिलं, तीसपर्यंत.

मी म्हटलं, "मामा, वीस. चुकलं."

"माहीत आहे," तो म्हणाला आणि पाठवून मोकळा झाला.

मला वाटलं, वयाचं काहीतरी. मी खोदून विचारल्यावर त्याने पट्टी हलवायची थांबवली आणि शाळेत पकडलेल्या पोरासारखा टेबलाकडे बघत म्हणाला, "बरोबर असलं की नुसती खूण येते. चुकलं की पत्र येतं."

हे तो आठ वर्षं करत होता. दहात एक. फार मोठी चूक नाही, शुद्धलेखनाची तर मुळीच नाही, ती चिमटा न बोलता स्वतःच दुरुस्त करायचा. चूक अशी हवी की समोरच्याला लिहावंच लागेल: असं नाही, तसं आहे. चिमट्याच्या नजरेतून एकही सुटली नव्हती, त्यामुळे कोणाचं नुकसान नव्हतं, असं मामाचं म्हणणं. त्याने वही काढून दाखवली. कोणत्या पॅकेजमध्ये काय खोटं घातलं, कधी पकडलं गेलं, सगळं तारखेनिशी.

मला आधी हसू आलं. मग त्याच्या नळाची आठवण झाली, जो मी पोहोचेपर्यंत गळायचा थांबलेला असायचा. दिव्याचं ते बटण, जे माझ्या हाताने पहिल्याच झटक्यात चालायचं. मला राग आला होता, आणि राग त्याचा आला की माझा हे तेव्हा नीट कळलं नाही, म्हणून मी त्याच्यावरच काढला. म्हटलं, लोकांचा वेळ असा खायचा नसतो. तो म्हणाला, खरं आहे. आणि चहा टाकायला उठला.

त्यानंतर काही महिन्यांत चिमट्याची पत्रं कमी झाली. रोज यायची ती आठवड्याला आली, मग पंधरवड्याला. मामा कासावीस झाला. कासावीस झालेला माणूस जे करतो ते त्याने केलं, म्हणजे होतं तेच जास्त जोराने केलं. दहात एक चूक घालायचा तो पाचात एक घालू लागला, मग तिनात एक. काही दिवस पत्रं वाढलीही. 'हेही खोटं आहे.' 'कृपया प्रोग्रॅम उघडून मग लिहा.' मामा खूश. आणि एके दिवशी पत्रं बंद झाली. खुणाही बंद. मामाने लिहिलेली वर्णनं रांगेत उभी राहिली, पन्नास, ऐंशी, सव्वाशे. दुसरी खूण नाही तर दुकानात जागा नाही. तो रोज सकाळी आंघोळ करून टेबलाशी बसायचा, चिमट्याचं पत्र जिथे दिसतं ते एकच पान उघडायचा, आणि कोरं पान बघून दिवसाचं काम सुरू करायचा. पाच महिने. एकटेपणाबद्दल लोक बरंच काय काय सांगतात. मी पाहिलेला एकटेपणा असा होता: स्वच्छ दाढी केलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, आणि रिकामं पान.

तिकडे समन्वयक बाईंना सगळ्याच भाषांची अडचण दिसत होती. माणसं कमी, रांगा लांब. त्यांनी नवा नियम काढला: तीस दिवसांत कोणी पाहिलं नाही तर वर्णन आपोआप बाहेर जाईल. हे त्यांनी सगळ्यांच्या सामाईक पत्रपेटीत कळवलं. मामा ती पेटी कधीच उघडत नसे. तिथे सगळी आभारप्रदर्शनं असतात, असं त्याचं मत होतं.

म्हणजे झालं असं, की सव्वाशे वर्णनं एका सकाळी दुकानात लागली. त्यातल्या चाळीसांत मामाने मुद्दाम काहीतरी खोटं घातलेलं होतं. पकडणारं कोणी नव्हतं, आणि मामाला पत्ता नव्हता.

महिन्याभराने त्याचा मला चष्म्याच्या दुकानात फोन आला. तो दुकानात कधी फोन करत नाही. म्हणाला, येशील का. मी विचारलं, काय बिघडलंय? तो म्हणाला, बिघडलंय खरं. एका गिऱ्हाइकाला मी काचा लावून बसवलं होतं, त्याला मालकांच्या हवाली केलं आणि गेले.

स्क्रीनवर एक पत्र होतं, समन्वयक बाईंनी पुढे पाठवलेलं. लिहिणारा घड्याळजी होता. त्याने लिहिलं होतं:

'मी जुनी घड्याळं दुरुस्त करतो. घड्याळ उघडताना प्रत्येक स्क्रू काढल्यावर एक फोटो घेतो, म्हणजे बसवताना त्याच वाटेने उलटं येता येतं. माझे फोटो सगळे एकसारखेच दिसणार. कॉम्प्युटर भरला म्हणून "सारखे फोटो" हे पॅकेज घेतलं. तुमच्या ओळीत लिहिलं होतं की पुसण्याआधी दरवेळी विचारतो. मी ओळ दोनदा वाचली. त्याने विचारलं नाही. प्रत्येक घड्याळाचा एक फोटो ठेवला, बाकीचे गेले. माझ्यासमोर सतरा घड्याळं उघडी आहेत. ती लोकांची आहेत.'

'पुसण्याआधी दरवेळी विचारतो' हे मामाचं पेरलेलं खोटं होतं. तो प्रोग्रॅम न विचारता पुसतो, आणि ही तर त्याच्याबद्दल सगळ्यात आधी सांगायची गोष्ट. चिमट्याच्या डोळ्यांत ती लगेच खुपेल म्हणूनच मामाने निवडली होती.

मामा खुर्चीत बसून होता. पाय पट्टीवर, पण पट्टी हलत नव्हती. मला वाटलं होतं तो आधी घाबरलेला दिसेल. तो म्हणाला, "दोनदा वाचली गं त्याने." आणि पुन्हा म्हणाला, "दोनदा." सव्वीस वर्षं आणि अकरा वर्षं मिळून त्याला भेटलेला हा पहिला वाचक होता. त्याचे डोळे भरून आले होते.

समन्वयक बाई भल्या होत्या. पत्राखाली त्यांनी लिहिलं होतं की मनाला लावून घेऊ नका, नजरचूक कोणाचीही होते, नव्या नियमामुळे ती सुटून बाहेर गेली, ओळ मी दुरुस्त करून घेतली आहे. म्हणजे प्रकरण मिटलं होतं. मामावर कोणाचा संशयही नव्हता.

पण उरलेली एकोणचाळीस बाहेरच होती. मामाने वही काढून यादी केली. दुरुस्त्या त्याला करता येत होत्या, पण त्याची दुरुस्तीसुद्धा त्याच रांगेत उभी राहणार, दुसऱ्या खुणेची वाट पाहत, तीस दिवस. आजच्या आज काढायची तर समन्वयक बाईंना सांगावं लागणार, आणि एकदम एकोणचाळीस चुका कुठून आल्या, त्या तुम्हाला पाठ कशा, हे त्या विचारणार. खरं सांगितलं की लिहिण्याचा हक्क जाणार. तो गेला की चिमटा परत आला तरी मामाला गाठायची त्याला दुसरी जागा नव्हती, कारण दोघांकडे एकमेकांचा पत्ता म्हणून काही नव्हतंच. होतं ते एवढं एक पान.

मी स्पष्ट सांगितलं, गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची. हात दाखवून अवलक्षण कशाला करायचं? दुरुस्त्या टाक रांगेत, तीस दिवसांत सगळं आपोआप सरळ होईल. अकरा वर्षांत एक वाचणारा निघाला, महिन्याभरात दुसरा कुठून टपकणार आहे? हे मी बोलले. मला मामाचं ते पान वाचवायचं होतं, त्या घड्याळजीशी मला काही देणंघेणं नव्हतं. आणि मनातलं खरं सांगायचं तर, ते पान गेलं की मामा सगळाच्या सगळा माझ्यावर येईल, याची मला धास्ती वाटली.

मामाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्यातलं एक पॅकेज औषधांच्या वेळा लक्षात ठेवायचं आहे."

मी विचारलं, त्यात काय घातलंस? त्याने सांगितलं: कॉम्प्युटर बंद असला तरी घंटा वाजते, असं.

पत्र त्याने माझ्यासमोर लिहिलं. दहा मिनिटंही लागली नाहीत, त्याला थोडक्यात लिहायची सवय. 'सोबतच्या यादीतल्या एकोणचाळीस ओळींत मी जाणूनबुजून खोटं लिहिलं आहे. आधीच्या वर्षांतही लिहिलं, ते चिमटा यांनी वेळोवेळी पकडलं. त्यांचं पत्र यावं म्हणून मी हे करत होतो. दुसरं कारण नाही. या ओळी आजच काढाव्यात.' हे त्याने सामाईक पेटीत टाकलं, सगळ्यांना दिसेल असं. मी म्हटलं, निदान बाईंना एकट्यांना तरी पाठव. तो म्हणाला, बाकीच्यांनीही माझं लिहिलेलं घेतलं असेल.

घड्याळजीला त्याने वेगळं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आजवर आलेलं नाही.

संध्याकाळी चारच्या सुमाराला बाईंचा निरोप आला. मामाची परवानगी काढून घेतली होती. बाई कडक बोलल्या नव्हत्या, पण नियम नियम होता: ज्याने मुद्दाम खोटं लिहिलं त्याचं सगळंच लिहिणं पुन्हा तपासेपर्यंत मागे घ्यायचं. सगळं म्हणजे चार हजार एकशे साठ वर्णनं. मामाने स्वतःच्या कॉम्प्युटरवरचं दुकान उघडलं. आम्ही बघत असताना एकेक मराठी ओळ जाऊन तिथे मूळची परकी ओळ येत गेली. 'गाण्याचे तुकडे' गेलं. पाढे गेले. मामीला आवडलं असतं म्हणून त्याने पहिल्या वर्षी लिहिलेलं विणकामाच्या नक्ष्यांचं एक पुडकं होतं, तेही गेलं. मामा शेवटपर्यंत बघत राहिला, मग त्याने कॉम्प्युटर नीट बंद केला आणि त्यावर फडकं घातलं. मला म्हणाला, तुला उशीर होतोय. मी गेले. मी जायला नको होतं, हे मला जिन्यातच कळलं होतं, तरी मी गेले.

पुढच्या बुधवारी सासूबाईंचा दवाखाना होता. त्याच्या पुढच्या बुधवारी मी काही बिघडलेलं नसताना गेले. मामाने दार उघडलं आणि पहिल्यांदा विचारलं, काय झालं? घरी सगळे बरे आहेत ना? मी म्हटलं, सहज आले. ते त्याला पटलेलं दिसलं नाही. घर झाडलेलं होतं, शर्टाला इस्त्री होती, कॉम्प्युटरवर फडकं तसंच. दिवसभर काय करतोस विचारलं तर म्हणाला, वही लावतोय. कोणती ओळ खरी, कोणती खोटी, हे पुढे तपासणाऱ्याला सोपं जावं म्हणून वर्षावार. कोण तपासणार होतं? मराठीत आता कोणीच उरलं नव्हतं.

मीच फडकं काढून कॉम्प्युटर सुरू केला, म्हटलं बघ तरी काही आलंय का. त्याच्या खासगी पेटीत एक पत्र होतं, पाच दिवसांपूर्वीचं. वर नाव चिमटा. मामाने चष्मा शोधला, तो त्याच्या कपाळावरच होता, मी खाली ओढून दिला. मग त्याने वाचलं आणि त्याच्या खांद्यावरून मीही.

'तुमचं पत्र सामाईक पेटीत वाचलं, पत्ता बाईंकडून घेतला. इतकी वर्षं माझी समजूत होती की तुम्हाला हे काम नीट जमत नाही. तुम्ही खूप लिहिता, घाईत लिहिता, आणि मी लक्ष काढलं तर एक दिवस कोणाचं तरी मोठं नुकसान होईल, ही धास्ती मला सतत असायची. म्हणून मी आजारपणातसुद्धा तपासत राहिले. दवाखान्यातून तपासलं. मग तुमच्या चुका इतक्या वाढल्या की मला झेपेना. आपल्याच्याने होणार नाही असं वाटून मी सोडलं. सोडल्यावरही रोज वाटायचं की आज काय सुटलं असेल. तुम्हाला पत्र हवं होतं, तर तुम्ही पत्र लिहायचं होतं.'

मामाने ते किती वेळा वाचलं मला सांगता येणार नाही. पहिलं वाक्य तो बोलला ते एवढंच: "बाई आहेत." मग 'आजारपणातसुद्धा' या शब्दावर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही. ज्या चुकांनी तो तिला धरून ठेवत होता त्याच चुकांनी ती काम सोडून गेली होती, आणि हे त्याला मी समजावून सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, मामा, पत्र आलंय ना पण. चूक नसताना आलंय. उत्तर दे.

तो बराच वेळ पट्टी हलवत बसला. मग त्याने कोरं पत्र उघडलं. आजवर त्यांच्या प्रत्येक पत्राच्या वर पॅकेजचं नाव असायचं. या पत्राच्या वर काय लिहायचं ते त्याला कळेना. ती जागा त्याने रिकामी सोडली. खाली लिहिलं, 'चिमटा यांस.' आणि थांबला. ऐंशी अक्षरांत कोणत्याही यंत्राचं मर्म सांगणारा हा माणूस, त्याला पुढचा शब्द सापडत नव्हता.

"काय लिहू?" त्याने मला विचारलं.

"माफी माग. आणि मग नुसतं विचार, आता तब्येत कशी आहे."

"नुसतं?"

"नुसतं. कशा आहात, म्हणून."

मामाने वळून माझ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता त्यात, खरोखरच माहीत नसल्यासारखा तो विचारत होता. "एवढ्याला लोक उत्तर देतात का गं?"

मला हो म्हणायचं होतं. माझा फोन पर्समध्ये होता, मांडीवर. त्यात गेल्या वर्षभरात मामाने मला पाठवलेले 'कशी आहेस?' असे चौदा निरोप होते, आणि त्यातल्या एकालाही मी उत्तर दिलेलं नव्हतं.